जिरोकास्तर : दगडी घरांच्या गावात दोन मुक्काम

दक्षिण अल्बेनियातील जिरोकास्तरला येणारे बहुतेक प्रवासी सकाळी उशिरा समुद्रकाठच्या सारांड्याहून बसने येतात, किल्ला चढतात, बाजारात कॉफी पितात आणि ऊन कलण्याआधी परत फिरतात. एवढ्या वेळात किल्ला पाहून होतो, गाव पाहून होत नाही. या गावाचे खरे वैभव किल्ल्यात नसून त्याच्या भोवतीच्या उतारांवर उभ्या असलेल्या दगडी घरांत आहे, आणि ती घरे बाहेरून कितीही देखणी दिसली तरी आत शिरून, मजले चढून, वरच्या दालनातील खिडकीपाशी टेकल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून पुढील सर्व माहिती मी घरांच्या भोवती रचली आहे. किमान दोन मुक्काम करता येतील अशा बेताने यावे. तेवढा वेळ नसेल तर किल्ला वगळावा, पण एक घर नीट पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावाच्या नावाचा स्थानिक उच्चार ‘ग्यिरोकास्तर’ याच्या जवळपास जातो. बायझंटाइन कागदपत्रांत १३३६ मध्ये ‘अर्गिरोकास्त्रो’ या ग्रीक नावाने त्याचा पहिला उल्लेख येतो आणि त्या नावाचा सरळ अर्थ रुपेरी किल्ला असा होतो. गावात मात्र अर्जिरो नावाच्या राजकन्येची कथा हमखास ऐकायला मिळते: तुर्कांच्या हाती पडू नये म्हणून तिने तान्ह्या मुलासह तटावरून उडी घेतली आणि तिच्यावरून गावाला नाव पडले. तुर्कांनी हे गाव घेतले ते १४१७-१८ च्या सुमारास, म्हणजे नाव त्याआधीच रूढ झालेले होते. तरीही कथा सांगणाऱ्याला मध्येच तोडू नये. पुढे सुमारे पाचशे वर्षे उस्मानी अंमल राहिला आणि आज आपण जी घरे, जो बाजार आणि जी मशीद पाहतो ती त्याच काळातली आहेत. १९६१ मध्ये अल्बेनियाच्या सरकारने गावाला ‘संग्रहालय-नगर’ असा दर्जा दिला, त्यामुळे नव्या इमारती खाली दरीच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि जुना भाग बराचसा वाचला. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गावाचे नाव २००५ मध्ये आले. २००८ मध्ये त्याच नोंदीत बेरात हे दुसरे गाव जोडले गेले.

पोहोचणे आणि चढणे

तिरानाहून बसने साधारण चार तास लागतात, सारांड्याहून तास-दीड तास. ग्रीसमधून येणाऱ्यांनी इओआनिनामार्गे काकाविया येथे सीमा ओलांडावी, तेथून गाव सुमारे तीस किलोमीटरवर आहे. कोर्फू बेटावर असणाऱ्यांना फेरीबोटीने सारांड्याला उतरून पुढे येणे सोयीचे पडते. अल्बेनिया शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, ही गोष्ट बेत आखतानाच ध्यानात घ्यावी. ग्रीसमधून येथे येऊन पुन्हा ग्रीसमध्ये शिरायचे असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो, आणि एका प्रवेशाच्या व्हिसावर सीमा ओलांडून बसलेल्या माणसाला परतीची वाट राहत नाही. अल्बेनियाचा स्वतःचा व्हिसा ऑनलाइन मागता येतो. कोणाला सूट आहे याचे नियम बदलत असल्याने ते निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत.

गावांना जोडणाऱ्या छोट्या व्हॅनना येथे ‘फुर्गोन’ म्हणतात. त्यांचे वेळापत्रक कागदावर क्वचितच असते. गाडी भरली की निघते आणि सकाळच्या वेळी लवकर भरते. दुपारनंतर लांबच्या गावाला जाणारी गाडी मिळेल, या भरवशावर राहू नये.

बस किंवा फुर्गोन आपल्याला जुन्या गावात सोडत नाही. ती खाली महामार्गावर थांबते, आणि तेथून ‘अठरा श्तातोरी’ या रुंद रस्त्याने वर चढत नव्या गावातून जुन्या गावात यावे लागते. (हे नाव १८ सप्टेंबर १९४४ या तारखेवरून, म्हणजे गाव जर्मनांच्या ताब्यातून सुटले त्या दिवसावरून आले आहे.) नकाशावर अंतर किरकोळ दिसते, परंतु सामान घेऊन हा चढ चढणे म्हणजे सहलीची सुरुवात दमछाकीने करणे होय. टॅक्सी करावी. चाकांची बॅग असेल तर बाजाराच्या वरच्या बाजूला ती ओढता येत नाही, उचलावीच लागते, कारण गल्ल्या उभ्या दगडांच्या फरसबंदीच्या आहेत. त्यामुळे राहण्याची जागा ठरवताना यजमानांना एकच प्रश्न आवर्जून विचारावा: गाडी दारापर्यंत येते का, आणि येत नसेल तर शेवटच्या थांब्यापासून किती पायऱ्या आहेत? जुन्या घरांपैकी अनेक आता पाहुण्यांसाठी खुली झाली आहेत. मुक्काम त्यांतच करावा, कारण रात्री लाकडी छताखाली झोपण्याचा आणि सकाळी जाड भिंतीतील खोल खिडकी उघडण्याचा अनुभव नव्या गावातील हॉटेलात मिळत नाही.

येथील फरसबंदीला ‘काल्द्रम’ म्हणतात. काळसर, पांढरे आणि फिकट गुलाबी दगड नक्षीत बसवून ती केलेली असते, आणि बाजाराच्या मुख्य चौकात ही नक्षी इतकी सुबक आहे की अनेकजण वर पाहण्याऐवजी खाली पाहत चालतात. तसे चालणे शहाणपणाचेही ठरते. पिढ्यान्पिढ्यांच्या वहिवाटीने दगड गुळगुळीत झाले आहेत आणि पावसाचे चार थेंब पडले की ते साबण लावल्यासारखे निसरडे होतात. पहिल्या भेटीत मी चामड्याच्या तळव्याचे बूट घालून गेलो होतो. रिमझिम सुरू झाली, बाजाराच्या उतारावर पाय सरकला आणि मी एका दुकानाच्या पायरीवर कोपरावर आपटलो. दुकानदार आजोबांनी काही न बोलता आतून स्टूल आणले, मला बसवले, मग माझे बूट हातात घेऊन तळवे पाहिले आणि मान हलवली. त्या दिवसापासून रबरी, खाचांचा तळवा असलेल्या बुटांशिवाय या गावात पाऊल टाकू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. ओल्या उतारावर गल्लीच्या मधोमध न चालता भिंतीच्या कडेने, हाताला आधार राहील असे चालावे. गुडघे दुखत असतील त्यांनी चढापेक्षा उताराचीच अधिक काळजी करावी.

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दगड दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता परत देत राहतो. नोव्हेंबरनंतर पाऊस भरपूर असतो.

पहिली संध्याकाळ : आधी छपरे

गावात आल्या आल्या बाजारात घुसू नये. सामान टाकून, थोडा उजेड शिल्लक असताना, बाजाराच्या वर असलेल्या ओबेलिस्कपाशी जावे. अल्बेनियन भाषेतील शिक्षणाच्या स्मरणार्थ उभारलेला हा स्तंभ स्वतः फार काही पाहण्यासारखा नाही, परंतु तेथून जुना भाग एका नजरेत येतो आणि गावाची रचना समजते. एका कड्यावर जहाजासारखा लांबलचक किल्ला, त्याच्या खांद्याशी बाजार, आणि बाजूच्या घळींच्या दोन्ही अंगांनी चढत गेलेले पालोर्तो, हाझमुरात, दुनावात, मानालात हे मोहल्ले. चढ इतका तीव्र आहे की एका घराच्या उंबऱ्याची पातळी खालच्या घराच्या छपराशी जुळते.

छपरांकडे निवांतपणे पाहावे. त्यांवर कौले नाहीत. चुनखडीच्या दगडाच्या पातळ, ओबडधोबड फरश्या एकीवर एक सरकवून रचलेल्या आहेत, आणि त्यांचे प्रचंड वजन पेलण्यासाठी खालचा लाकडी सांगाडाही तितकाच दणकट करावा लागतो. कोरड्या हवेत ही छपरे राखाडी दिसतात, पाऊस पडून गेल्यावर चकाकतात. हे सौंदर्य महागडे आहे. एखादी फरशी सरकली की पाणी आत शिरते, पाणी शिरले की तुळई कुजते, आणि तुळई कुजली की वरचे वजनच घर खाली ओढते. मालक परदेशी गेलेली, छप्पर खचलेली घरे वरून सहज ओळखू येतात. ती पाहून हळहळ वाटते, पण त्यांच्या उघड्या पडलेल्या भिंतींतच बांधकामाची रीत सर्वांत स्पष्ट दिसते: दगडांच्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या असतात. धरणीकंपाच्या या प्रदेशात त्या पट्ट्या भिंतीला बांधून धरतात आणि हादऱ्याचा जोर सोसतात. अशा पडक्या घरांत मात्र शिरू नये.

येथेच प्रकाशाचे गणितही समजून घ्यावे, कारण पुढच्या दिवसाचा सारा क्रम त्यावर बसतो. गाव माली इ ग्येरे या डोंगराच्या पूर्वेकडील उतारावर आहे. सकाळचे ऊन थेट घरांच्या दर्शनी भिंतींवर पडते. दुपार कलली की सूर्य पाठच्या डोंगराआड जातो, गाव सावलीत बुडते, आणि द्रिनो नदीच्या खोऱ्यापलीकडील लुंजरीचे डोंगर मात्र बराच वेळ उजळलेले राहतात. म्हणून घरे आणि गल्ल्या सकाळी पाहाव्यात, किल्ला संध्याकाळी.

बाजार, गर्दी येण्यापूर्वी

दुसऱ्या दिवशी न्याहारीआधीच बाजारात उतरावे. जुन्या बाजाराच्या गल्ल्या जेथे एकत्र येतात त्या चौकाला ‘चाफा ए पझारित’, म्हणजे बाजाराची मान, असे म्हणतात, आणि तेथे उभे राहिले की हे नाव किती चपखल आहे ते कळते: चारी बाजूंच्या उतारांवरील दुकानांच्या रांगा त्या अरुंद जागेशी येऊन आवळल्यासारख्या वाटतात. बाजाराची मूळ स्थापना सतराव्या शतकातील; एकोणिसाव्या शतकातील आगीनंतर तो बराचसा पुन्हा बांधला गेला. १९९७ मध्ये गुंतवणुकीच्या फसव्या योजना कोसळून देशभर अराजक माजले तेव्हा याच बाजारातील काही भागाची पुन्हा राखरांगोळी झाली. आज दिसणारी नीटनेटकी लाकडी दारे त्यानंतरच्या डागडुजीची आहेत. सकाळी सातच्या सुमारास दुकानदार ती दारे उघडून उंबऱ्यापुढची फरसबंदी पाण्याने धुतात. त्या वेळी नक्षीतील गुलाबी दगड जितका उठून दिसतो तितका दिवसभरात पुन्हा दिसत नाही.

खरेदी करायचीच असेल तर दगडावर किंवा लाकडावर कोरीव काम करणारा कारागीर दुकानातच काम करताना दिसतो का, ते पाहावे. छिन्नी, भुकटी आणि अर्धवट काम दिसले तर वस्तू तेथेच घडली आहे असे समजावे. चुंबकाच्या चकत्या आणि छापील रुमाल कोठेही मिळतात. हातमागाचे गालिचे आणि क्रोशाचे काम अजून टिकून आहे. ते विकणाऱ्या आजीबाईंशी घासाघीस थोडीफार चालते, परंतु अगदी हमरीतुमरीवर येऊन भाव पाडणे येथे असभ्य मानतात.

बाजाराची मशीद १७५७ मधील आहे. १९६७ मध्ये अल्बेनियाच्या साम्यवादी राजवटीने धर्मालाच बंदी घातली आणि देशभरातील मशिदी व चर्चे बंद केली, पाडली किंवा दुसऱ्या कामाला लावली. ही मशीद वाचली, आणि तिच्या उंच घुमटाखाली सर्कशीतील कसरतपटू झोके टांगून सराव करीत असत. आज तेथे पुन्हा नमाज होते. आत जायचे असल्यास नमाजाची वेळ टाळावी, बूट बाहेर काढावेत, स्त्रियांनी डोके झाकावे.

एक घर, पूर्ण

आता मुख्य काम. पाहण्यासाठी खुली असलेली मोठी घरे प्रामुख्याने पालोर्तो मोहल्ल्यात आहेत, आणि त्यांतील दोन अनिवार्य मानावीत: स्कन्दुली आणि झेकाते. दोन्ही एकाच दिवशी पाहायची असल्यास आधी स्कन्दुली पाहावे. ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे असून १८२७ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा बांधला गेला. साम्यवादी काळात ते कुटुंबाकडून काढून घेतले गेले होते; राजवट कोसळल्यावर ते त्यांना परत मिळाले आणि आता घरचीच माणसे ते दाखवतात. भिंतीवरील फलक वाचत फिरण्यापेक्षा ज्याचे बालपण या घराशी जोडलेले आहे त्याच्याकडून कोनाड्या-कोनाड्याची हकिकत ऐकणे कितीतरी मोलाचे आहे, म्हणून घाई न करता आपली पाळी येण्याची वाट पाहावी आणि मोठ्या सहलीच्या टोळीबरोबर आत जाणे टाळावे.

घर खालून वर वाचत जावे. अशा घराला ‘कुल’, म्हणजे बुरूज, म्हणतात, आणि तळमजला पाहिला की त्या नावाची सार्थता पटते: जाड, उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती, फक्त अरुंद झरोके. वैर पिढ्यान्पिढ्या चालत असे, त्या काळी बाहेरच्याला आत डोकावता येऊ नये आणि आतल्याला बाहेर नेम धरता यावा, अशी ही योजना होती. तळघरातच ‘स्तेरा’ म्हणजे पाण्याचा हौद असतो. छपराच्या त्या दगडी फरश्यांवरून वाहणारे पावसाचे पाणी पन्हाळीतून थेट या हौदात उतरवलेले असे. डोंगरउतारावर विहीर खणणे कठीण, पण पावसाळा भरघोस. या दोहोंची सांगड घरानेच घातली. हौदाच्या तोंडाशी वाकून हाक मारून पाहावी. आवाज परत येण्यास लागणाऱ्या क्षणातच त्याची खोली समजते.

पहिला मजला हिवाळ्याचा. छत बुटके, खिडक्या लहान, दगडी भिंती उबेसाठी जाड, आणि मधोमध ‘ओजाक’, म्हणजे शेकोटीची चूल. दुसरा मजला उन्हाळ्याचा: छत उंच, खिडक्या रांगेने, आणि वारा खेळता राहावा म्हणून ‘चार्दाक’ नावाची लाकडी, एका बाजूने उघडी ओसरी. एकाच घरात कुटुंब ऋतूप्रमाणे मजला बदलत असे. हे ऐकून अनेक पाहुणे माना डोलावतात आणि पुढे जातात. त्याऐवजी दोन्ही मजल्यांच्या भिंतींना हात लावून पाहावा. भर उन्हाळ्यात खालची भिंत थंडगार लागते आणि वरच्या ओसरीत, बाहेर पान हलत नसतानाही, झुळूक जाणवते.

सर्वांत वर पाहुण्यांचे दालन असते आणि घराचा सारा थाट तेथेच ओतलेला असतो. स्कन्दुलीच्या दालनात उभे राहून पुढील गोष्टी एकेक करून शोधाव्यात. चुलीच्या निमुळत्या चुनेगच्ची छत्रावर फुलाफळांची रंगीत चित्रे आहेत. तीन भिंतींलगत बुटक्या बैठका आहेत आणि चुलीच्या जवळची जागा मानाची, वडीलधाऱ्याची किंवा मुख्य पाहुण्याची. दाराकडे सरकत जावे तसा मान उतरत जातो. चौथ्या भिंतीवर ‘मुसांद्रा’ म्हणजे जमिनीपासून छताजवळ पोहोचणारी कोरीव लाकडी कपाटे आहेत, ज्यांत दिवसा अंथरुणे नाहीशी होतात. आणि मुसांद्र्याच्या वर, छताच्या लगत, लाकडी जाळीचा एक बुटका माळा दिसेल. घरातील स्त्रियांना पुरुषांच्या बैठकीत बसण्याची मुभा नव्हती, म्हणून त्या जाळीआडून त्या खालचे बोलणे ऐकत, पाहुण्यांना काय हवे-नको ते ताडत, आणि लग्नाच्या बोलण्यासाठी आलेला मुलगाही तेथूनच निरखून घेत. परवानगी मिळाल्यास त्या माळ्यावर चढून खाली पाहावे. तेथून खालच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसतो. खालून वर पाहिले तर जाळीपलीकडे केवळ अंधार दिसतो.

झेकाते हे घर मोहल्ल्याच्या माथ्यावर आहे आणि तेथवरचा चढ दमवणारा आहे. उस्मानी सुभेदार अली पाशा तेपेलेनाच्या कारभारातील एका वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी ते १८११-१२ मध्ये बांधले गेले. दर्शनी बाजूला दोन बुरूज आणि त्यांच्या मध्ये उंच दुहेरी कमान, अशी त्याची रचना आहे. स्कन्दुली पाहून झाल्यावर येथे सांगाड्याची सवय झालेली असते, त्यामुळे मार्गदर्शकाविना फिरले तरी चालते. वरच्या चार्दाकात बसून समोर किल्ला आणि खाली सारे गाव पाहावे, आणि अर्धा तास तरी उठू नये.

तिसरे ‘घर’ म्हणजे वांशिक संग्रहालय. देशावर १९४४ पासून १९८५ पर्यंत एकहाती सत्ता गाजवणारा एन्वेर होजा १९०८ मध्ये या जागेवरील घरात जन्मला. ते मूळ घर जळाले. सध्याची इमारत १९६६ मधील असून गावातील वेगवेगळ्या घरांची लक्षणे तीत एकत्र केलेली आहेत. भांडी, पोशाख, अवजारे पाहायला उत्तम, परंतु घर म्हणून ते अस्सल नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. जवळच कादंबरीकार इस्माईल कादारे यांचे घर आहे. त्यांचा जन्म येथे १९३६ मध्ये झाला, निधन २०२४ मध्ये. १९९९ मधील आगीनंतर ते घर पुन्हा उभारून संग्रहालयात रूपांतरित केले आहे. ज्यांनी त्यांचे काही वाचले आहे त्यांनी अवश्य जावे. इतरांनी तो वेळ झेकातेच्या ओसरीत घालवला तरी हरकत नाही.

दुपार जमिनीखाली, संध्याकाळ तटावर

दुपारच्या उन्हात किल्ल्याखालील शीतयुद्धकालीन भुयार पाहावे. अणुयुद्ध झाल्यास स्थानिक प्रशासनाने आत बसून कारभार चालवावा, या हेतूने होजाच्या राजवटीने ते गुप्तपणे खोदले. आत सुमारे ८० खोल्या आहेत आणि दारांवर खात्यांच्या नावांच्या पाट्या होत्या. मार्गदर्शकाबरोबरच प्रवेश मिळतो. आत गारठा असतो, अंगावर काहीतरी घ्यावे. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा.

किल्ल्यात बंद होण्यापूर्वी दोन तास तरी हाताशी असतील अशा बेताने शिरावे. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती सकाळीच विचारून ठेवावी. आत शिरताच भल्यामोठ्या कमानींचे अंधारे दालन लागते आणि त्यात दुसऱ्या महायुद्धात हस्तगत केलेल्या तोफांची रांग व एक छोटा इटालियन रणगाडा आहे. याच किल्ल्यातील तुरुंग अल्बेनियाच्या झोग राजाच्या काळात वाढवला गेला आणि पुढे इटालियन, जर्मन व साम्यवादी अशा प्रत्येक सत्तेने तो १९६८ पर्यंत वापरला. कोठड्या पाहता येतात. बाहेर उघड्या तटावर अमेरिकी हवाई दलाचे एक गंजलेले विमान आहे: डिसेंबर १९५७ मध्ये ते अल्बेनियात उतरले, सरकारने ते हेरगिरीचे म्हणून जाहीर केले आणि विजयचिन्ह म्हणून येथे आणून ठेवले. पुढे घड्याळाचा मनोरा आहे, आणि त्याच्या अलीकडे राष्ट्रीय लोककला महोत्सवाचा रंगमंच. हा महोत्सव १९६८ मध्ये सुरू झाला, साधारणपणे पाच वर्षांनी भरतो, मधली अंतरे मात्र नेहमी सारखी नसतात. दक्षिणेकडील अनेक आवाजांचे लोकगायन, ज्यात काहीजण एकच सूर अखंड धरून ठेवतात आणि त्यावर इतर गातात, ते ऐकण्यास याहून योग्य जागा नाही. महोत्सवाच्या काळात यायचे असेल तर राहण्याची जागा कितीतरी आधी ठरवावी.

अली पाशाने डोंगरातून किल्ल्यापर्यंत पाणी आणणारा कमानींचा पाट बांधला होता. त्याचा बहुतेक भाग विसाव्या शतकात मोडून टाकला गेला. उरलेला एक पूल मानालातच्या पलीकडील घळीत आहे आणि तेथवर पायी जाता येते. गाव मागे टाकून अर्धा-पाऊण तास चालण्याची तयारी असेल तर तिसऱ्या दिवसाची सकाळ त्यासाठी राखावी.

खाणे, पैसे, मान हलवणे

गावाचा स्वतःचा पदार्थ म्हणजे ‘चिफ्ची’: शिजवलेला भात, अंडी, पुदिना आणि मिरपूड एकत्र करून आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात उलटून पालटून तळलेले गोळे. मांस न खाणाऱ्यांना, अंडे चालत असल्यास, ते मोठा आधार ठरतात. बुरेक, म्हणजे भाज्या भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, आणि भाजलेली वांगी-मिरच्याही मिळतात. मागणी देताना ‘पा मिश’, म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द म्हणावेत. सुक्या अंजिरांचा आणि मेंढीच्या दुधाचा ‘ओशाफ’ जेवणानंतर मागवावा. सर्व उपाहारगृहांत तो असतोच असे नाही.

चलन लेक. युरो अनेक ठिकाणी घेतात, परंतु भाव साधारणपणे १०० लेकला एक युरो असा सरसकट धरतात. रोख लेक जवळ असणे बरे, कारण घरांची तिकिटे आणि फुर्गोनचे भाडे रोखीनेच द्यावे लागते. एक गंमत सांभाळावी लागते. १९६५ मध्ये चलनातून एक शून्य काढले गेले, पण लोकांच्या जिभेवर ते अजून आहे. कोणी कॉफीचे ‘हजार’ मागितले तर दचकू नये, ते बहुधा शंभर असतात. शंका आली तर नोटा दाखवून विचारावे. असाच घोटाळा मान हलवण्याचा होतो. विशेषतः वयस्क मंडळी होकारासाठी मान आडवी हलवतात आणि नकारासाठी वर झटकतात, म्हणून मानेकडे न पाहता शब्दाकडे कान द्यावा: ‘पो’ म्हणजे हो, ‘यो’ म्हणजे नाही. माझे बूट पाहून त्या दुकानदार आजोबांनी मान आडवी हलवली तेव्हा त्यांना नेमके काय म्हणायचे होते, हे मला अजूनही नक्की सांगता येणार नाही.

आणखी एक दिवस असेल तर सारांड्याच्या वाटेवरील ‘निळा डोळा’ हा झरा पाहावा, परंतु भल्या सकाळी. दुपारी तेथे पाण्यापेक्षा माणसे अधिक दिसतात. शांतता हवी असेल तर दरीच्या पलीकडे अंतिगोनिया या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. ते पिऱ्हस राजाने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आपल्या पत्नीच्या नावाने वसवले आणि रोमनांनी पुढच्या शतकात उद्ध्वस्त केले. तेथे सार्वजनिक वाहन जात नाही, टॅक्सी जाण्या-येण्याची आणि थांबण्याची मिळून आधी ठरवावी.

निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांना सकाळच्या टॅक्सीसाठी फोन करायला सांगावे आणि ती नेमकी कोठे उभी राहील हे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर ‘बाजाराच्या मानेपाशी’ असेच येते. तेथवर बॅग हातात उचलून उतरायला पंधरा मिनिटे धरावीत, रात्री पाऊस झाला असेल तर पंचवीस.